वीसकिर्शे

वीसकिर्शे हे जर्मनीच्या बायर्न राज्यातील श्टाइनगाडेन गावाजवळचे कॅथॉलिक तीर्थक्षेत्र आहे. जर्मन भाषेत ‘वीस’ म्हणजे कुरण व ‘किर्शे’ म्हणजे चर्च. आल्प्सच्या पायथ्याशी, मोकळ्या कुरणात उभे असलेले हे चर्च रोकोको शैलीच्या सर्वोत्तम वास्तूंपैकी एक मानले जाते. इ.स. १९८३ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला.

इतिहास

श्टाइनगाडेनच्या मठात इ.स. १७३० मध्ये गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी, फटक्यांनी जखमी झालेल्या येशूची मूर्ती तयार करण्यात आली. जुन्या लाकडी मूर्तींचे भाग जोडून, सांध्यांवर कापड चिकटवून ती रंगवली होती. तिचे रूप फार करुण वाटल्याने काही वर्षांतच ती मिरवणुकीतून वगळली गेली व अडगळीत पडली. पुढे वीस येथील मारिया लोरी या शेतकरी स्त्रीने ती घरी नेली. १४ जून १७३८ रोजी मूर्तीच्या डोळ्यांत अश्रू दिसल्याची वार्ता पसरली आणि दूरदूरचे यात्रेकरू येऊ लागले. इ.स. १७४० मध्ये बांधलेले छोटे प्रार्थनागृह अपुरे पडू लागल्याने मठाने मोठ्या चर्चचे काम हाती घेतले. हे बांधकाम इ.स. १७४५ ते १७५४ या काळात झाले.

इ.स. १८०३ मध्ये मठांची मालमत्ता सरकारजमा झाली, तेव्हा हे चर्च पाडून टाकण्याचे घाटत होते. परिसरातील शेतकऱ्यांच्या विरोधामुळे ते वाचले, असे सांगितले जाते.

वास्तुरचना

वास्तुरचनाकार डोमिनिकुस त्सिमरमान (१६८५–१७६६) याने सभामंडपाची आखणी लंबगोलाकार केली असून त्यापुढे लांबट वेदीकक्ष जोडला आहे. जोडस्तंभांच्या मागून प्रदक्षिणामार्गासारखी वाट जाते. बाहेरून साध्या दिसणाऱ्या या वास्तूच्या आत मात्र मोठ्या खिडक्यांतून येणारा प्रकाश, पांढऱ्या भिंती व सोनेरी गिलावकाम यांचा मनोहर मेळ साधला आहे. छत दगडी नसून लाकडी सांगाड्यावर गिलावा करून बनवले आहे. त्यामुळे ते वजनाने हलके आहे.

छतावरील चित्र डोमिनिकुसचा थोरला भाऊ योहान बाप्टिस्ट त्सिमरमान याचे आहे. त्यात इंद्रधनुष्यावर बसलेला येशू, एका टोकाला रिकामे न्यायासन आणि दुसऱ्या टोकाला स्वर्गाचे बंद द्वार दिसते. अंतिम न्यायाची घटका अद्याप आलेली नाही, पश्चात्तापाला व क्षमेला अजून अवसर आहे, असा या चित्राचा आशय आहे. वेदीकक्षातील खालच्या स्तंभांचा तांबडा रंग येशूच्या रक्ताचे, तर वरच्या स्तंभांचा निळा रंग स्वर्गीय कृपेचे प्रतीक मानला जातो. मुख्य वेदीवर मात्र कोणतीही मौल्यवान प्रतिमा नाही. तेथे अडगळीतून आलेली तीच लाकडी मूर्ती विराजमान आहे.

डोमिनिकुसने आयुष्याची अखेरची वर्षे वीस येथेच, या चर्चच्या सान्निध्यात काढली. येथे आजही नियमित उपासना होते आणि यात्रेकरूंबरोबरच पर्यटकही मोठ्या संख्येने येतात.