तेल कोठून गळते, आणि का गळते?

आमच्या महाविद्यालयात माझी जुनी मोटारसायकल जेथे उभी असते, तेथे रोज संध्याकाळी तेलाचा रुपयाएवढा काळा डाग पडे. "सरांच्या गाडीची हजेरी लागली," असे विद्यार्थी म्हणत. सिलिंडरच्या बुडाशी तेल दिसत होते, म्हणून तेथील पॅकिंग बदलून घेतले. आठ दिवसांत डाग पुन्हा हजर! पुन्हा पॅकिंग बदलले; पुन्हा तेच. पुढे एकदा हे तेल मागच्या टायरवर गेले, वळणावर चाक घसरले आणि मी आडवा झालो. गुडघ्यावर निभावले, पण तेव्हा ध्यानात आले की आपण दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत करीत होतो. तेल कोठून येते हा एक प्रश्न. ते बाहेर का येते हा दुसरा.

पहिला प्रश्न प्रथम घेऊ. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळते, गाडी चालत असताना वाऱ्याने मागे सरकते आणि बारीक फटींतून केशाकर्षणाने आडवेही पसरते. त्यामुळे थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. म्हणून थंड इंजिन रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करावे (जवळपास ज्योत नको) आणि सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी. मग गाडी उघड्यावर उभी करून पाच-सात मिनिटे इंजिन चालू ठेवावे. बंद खोलीत हे कधीही करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. पूड जेथे सर्वांत वर ओली होईल, तेथे गळतीचा उगम समजावा.

आता दुसरा प्रश्न. उदाहरणासाठी 350 बुलेटचे जुने इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर. म्हणजे दट्ट्या खाली येताना 3.14 × 3.5 × 3.5 × 9, म्हणजे सुमारे 346 घन सेंटिमीटर जागा व्यापतो. खालच्या क्रँककेसमधील तेवढी हवा जाणार कोठे? मिनिटाला 3000 फेरे असतील, तर हे सेकंदाला 50 वेळा घडते! बॉइलच्या नियमानुसार कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो. तो वाढू नये म्हणून चार धावांच्या इंजिनाला 'ब्रीदर' नावाची श्वासनळी असते. पुष्कळ इंजिनांत तिला हवा बाहेर सोडणारी, पण आत न घेणारी झडप असते.

ही नळी तुंबली तर? दाब वातावरणाच्या केवळ एकदशांशाने वाढला, तरी तो एक मीटरहून उंच तेलाच्या स्तंभाएवढा होतो. एवढा दाब पाठीशी असल्यावर तेल सर्वांत दुबळा सांधा शोधून काढते. त्यात इंजिन तापले की तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, घटतो आणि ते बारीक फटीतूनही सहज वाहते.

माझ्या गाडीची नळी काढून पाहिली, तो ती चिखल आणि काळ्या राबाने गच्च भरलेली. तार आणि रॉकेल यांनी ती साफ केली. तिसरे पॅकिंग आजतागायत टिकून आहे. दोष पॅकिंगचा नव्हताच.

म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. आधी तेलाची पातळी पाहावी. जास्त तेलही गळते. मग ब्रीदर तपासावा. त्यातून सतत धूर फसफसत असेल, तर दट्ट्याच्या रिंगा झिजून वरचे वायू खाली उतरत असण्याचा संभव असतो. तेथे नवे पॅकिंग काय करणार? त्यानंतर बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळावेत. जोर लावून आवळल्यास अॅल्युमिनियममधील आटे जातात, पृष्ठभाग वाकतो आणि गळती वाढते. फिरत्या दांड्याभोवतीचे रबरी ऑइल सील उष्णतेने कडक झाले असेल, तर ते मात्र बदललेच पाहिजे.

आणि हो, काढलेले जुने तेल गटारात ओतू नका. पाण्यावर त्याचा पातळ थर दूरवर पसरतो. ते डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्यावे.

आता एक प्रयोग. डब्याच्या झाकणाला बारीक भोक पाडून त्यातून गोडेतेल गळू द्या. दहा थेंबांना लागणारा वेळ मोजा. मग तेच तेल उन्हात तापवून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतील फरकावरून सांगा पाहू, माझा डाग सकाळच्या थंड गाडीखाली का दिसत नसे?