किल्ल्या कुणाच्या हाती?

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेचे प्रकरण १४ फेब्रुवारी २०१८ रोजी उघडकीस आले, तेव्हा आकडा सांगण्यात आला तो सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा. पुढे तो १३,००० कोटींच्याही वर गेला. या देशात अशा वेळी जे व्हायचे ते सर्व यथासांग झाले. परदेशी निघून गेलेल्या हिरेव्यापाऱ्यांच्या ऐश्वर्याची रसभरित वर्णने छापून आली, लोकसभेत एकमेकांच्या राजवटींचा उद्धार झाला आणि काही महिन्यांत लोकांचे लक्ष दुसरीकडे वळले. परंतु ज्या गोष्टीकडे लक्ष द्यावयाचे तिच्याकडे ते कधी गेलेच नाही. ती गोष्ट म्हणजे त्या शाखेतील एक यंत्र आणि त्या यंत्रासमोर बसणारा मनुष्य.

आयात करणाऱ्या व्यापाऱ्यासाठी एक बँक दुसऱ्या बँकेच्या परदेशातील शाखेस हमी देते, ती ‘स्विफ्ट’ नावाच्या संदेशव्यवस्थेतून. हा संदेश म्हणजे बँकेचा शब्द. तो मिळाला की समोरची बँक पैसे मोकळे करते. आता एवढा मोठा शब्द ज्या यंत्रातून जातो, ते यंत्र बँकेच्या मुख्य खातेवहीशी जोडलेले असावे, हे कोणाही हिशेबनिसास सुचेल. तेथे ते जोडलेले नव्हते. म्हणून तपासयंत्रणेच्या आरोपानुसार शब्द दिले गेले आणि वहीत त्यांची नोंदच झाली नाही. ज्या उपव्यवस्थापकावर ठपका आहे तो २०१० पासून २०१७ साली निवृत्त होईपर्यंत त्याच खात्यात होता. प्रकरण फुटले ते कोणा तपासनिसाच्या कर्तबगारीने नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये त्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने नव्या हमीसाठी रोख तारण मागितले, तेव्हा पूर्वी असे काही कधी लागले नव्हते, असे उत्तर मिळाले. आणि ‘पूर्वीची’ नोंद शोधू गेले तर ती सापडेना! गुन्हा कोणाचा हे न्यायालय ठरवील. आम्हांस प्रयोजन आहे ते एवढ्याशीच की, येथे कोणी भिंत फोडली नाही, कुलूप तोडले नाही. किल्ली ज्याच्या हाती बँकेनेच दिली होती, त्याच्याच टेबलावरून सारे घडले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात आमच्या पुण्यातील कॉसमॉस बँकेवर बाहेरून हल्ला झाला आणि दोन दिवसांत ९४ कोटी रुपये अनेक देशांतून काढले गेले. तेव्हापासून ‘सायबर’ म्हटले की दूरदेशी अंधाऱ्या खोलीत बसलेला चोर, हे चित्र सुशिक्षितांच्या मनात पक्के बसले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कुंपणच शेत खाते, हे या भाषेस कोणी शिकवावयास नको. २००५ साली याच शहरातील एका कॉल सेंटरमधील तरुणांनी अमेरिकेतील सिटी बँकेच्या ग्राहकांचे गुप्त क्रमांक गोड बोलून मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर इकडील खात्यांत वळवल्याचे उघड झाले. त्यांनी कोणतीही विद्या पाजळली नव्हती. ग्राहकाने विश्वासाने सांगितले आणि त्यांनी ऐकले, इतकेच.

तरीही घरातला मनुष्य म्हणजे सूर्याजी पिसाळच, अशी समजूत करून घेणे चुकीचे होईल. फितुरी विरळा, निष्काळजीपणा मात्र घरोघरी. आपल्या कचेऱ्यांत ‘साहेबांचा पासवर्ड’ ही वस्तू कोणास ठाऊक नसते? साहेबांस मंजुरीचे बटण दाबण्यास सवड नसते, म्हणून तो पासवर्ड हेडक्लार्कपाशी असतो. हेडक्लार्क रजेवर गेला की तो शेजारच्या टेबलावर जातो. आणि अखेरीस तो संगणकाच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर विसावतो. करणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा नियम कागदावर अबाधित असतो आणि प्रत्यक्षात दोन्ही कामे एकच हात करीत असतो. नोकरी सोडून दोन वर्षे झालेल्या माणसाचे खाते चालूच राहते, कारण ते बंद करावयाचे कोणी, हे कोणाच्या कामात लिहिलेलेच नसते. कंत्राटदाराचा तंत्रज्ञ तर आज या कंपनीत, उद्या त्या; त्याच्या हाती दिलेली किल्ली परत घेतली काय, हे विचारणाराच कोणी नसतो.

या बाबतीत आम्हांस परदेशी पंडितांकडे धाव घेण्याची आवश्यकता वाटत नाही. शिवाजी महाराजांच्या गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी असत आणि त्यांनी कारभार एकविचाराने करावयाचा असे. कोणा एकाने मनात आणले तरी गड शत्रूच्या हाती देता येऊ नये, हा त्यातील हेतू. गडावरील अधिकारी एकाच जागी मुरू नयेत, त्यांच्या ठराविक मुदतीने बदल्या व्हाव्यात, असे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सांगते. यात कोणा हवालदाराचा अपमान नव्हता. ब्रॅडी हाउसमध्ये एकच मनुष्य इतकी वर्षे एकाच खात्यात राहिला, तेव्हा तीन शतकांपूर्वीच्या या साध्या शहाणपणाचीही आठवण कोणास झाली नाही, हे आश्चर्य नव्हे काय?

आणि आता अधिक गंभीर प्रश्न. हा धोका कोणास ठाऊकच नव्हता, असे म्हणण्याची सोय नाही. रिझर्व्ह बँकेने २० फेब्रुवारी २०१८ रोजी जाहीर केले की, स्विफ्टच्या संभाव्य दुरुपयोगाविषयी तिने ऑगस्ट २०१६ पासून निदान तीन वेळा बँकांना गुप्तपणे सावध केले होते. मार्च २०१९ मध्ये याच व्यवस्थेसंबंधीच्या सूचना न पाळल्याबद्दल तिने ३६ बँकांना मिळून ७१ कोटी रुपयांचा दंड केला, यावरून ही अनास्था एका बँकेपुरती नव्हती हे स्पष्ट होते. म्हणजे इशारा होता, पण तो इशारा वाचणारा खालचा अधिकारी आणि निर्णय घेणारे वरचे संचालक यांच्यामधील जिन्यावर कोठेतरी तो कागद हरवतो. आमच्या मते आजच्या संस्थांचे खरे दुखणे या जिन्यावर आहे.

संचालक मंडळाच्या सभेचे दृश्य पाहावे. कर्जे, वसुली, नव्या शाखा, लाभांश हे विषय संपता संपता चहा येतो आणि मग माहितीसुरक्षा अधिकाऱ्यास दहा मिनिटे मिळतात. तोही बिचारा लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांचे तक्ते आणि आद्याक्षरांचे शब्द घेऊन उभा राहतो. संचालक माना डोलावतात, कारण ‘समजले नाही’ म्हणणे प्रतिष्ठेस शोभत नाही. अधिकारी समाधानाने खाली बसतो, कारण कोणी आक्षेप घेतला नाही. इतिवृत्तात ‘नोंद घेण्यात आली’ असे लिहिले जाते. ही नोंद म्हणजे त्या विषयाचे उत्तरकार्यच होय.

दोष दोघांचा असला तरी पहिले पाऊल अधिकाऱ्याने उचलले पाहिजे. संचालकांस यंत्राची भाषा येत नाही. रुपयाची, दिवसांची आणि जबाबदारीची भाषा येते. ‘आपली प्रणाली असुरक्षित आहे’ या वाक्याने कोणाची झोप उडत नाही. त्याऐवजी त्याने असे सांगावे: “कोणत्याही दुसऱ्या सहीवाचून दहा कोटी रुपये बाहेर पाठवू शकतील अशी या संस्थेत आज चार माणसे आहेत. त्यांपैकी दोघे पाच वर्षे त्याच खुर्चीवर आहेत. हे बदलण्यास अमुक खर्च येईल आणि काम रोज अर्धा तास रेंगाळेल. हा खर्च मंजूर करावा, अथवा हा धोका आम्ही जाणूनबुजून पत्करीत आहोत असे लिहून द्यावे.” या शेवटच्या वाक्याचा गुण औषधी आहे. लिहून द्यावयाचे म्हटल्यावर पुष्कळांस विषय एकाएकी समजू लागतो.

अर्थात असे बोलणारा मनुष्य ज्याच्या कारभारावर बोट ठेवावयाचे त्याच्याच हाताखाली असेल, तर तो बोलणार नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांत हा अधिकारी संगणक विभागाच्या प्रमुखाच्या हाताखाली नसावा असे घातले, हे योग्यच झाले. परंतु नियमाने खुर्ची मिळते. खुर्चीवरून अप्रिय बोलणाऱ्याची पुढची बढती रोखली जाणार नाही, याची हमी संचालकांनीच द्यावयाची असते. ज्या घरात वाईट बातमी सांगणाऱ्यास दोष लागतो, त्या घरास ती बातमी शेवटी वर्तमानपत्रातून कळते.

दुसऱ्या टोकाचाही एक धोका आहे. घरभेद्याच्या भीतीने काही कंपन्या आता प्रत्येक नोकराच्या प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवू लागल्या आहेत. प्रामाणिक कारकुनास सकाळसंध्याकाळ चोर समजले, तर त्याच्या शेजारी काही गैर चालले असता तो मुद्दाम उठून सांगावयास येईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. पहारा किल्लीवर असावा, माणसावर नव्हे. आणि तो साहेबांपासून शिपायापर्यंत सारखाच असावा. सर्वांत मोठ्या किल्ल्या साहेबांच्याच खिशात असतात, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेच्या तिजोऱ्यांतून १२२ कोटी रुपये नाहीसे झाल्याच्या प्रकरणी अटक झाली ती बँकेच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्यास. तेथे संगणकाचा प्रश्न नव्हता, रोकडीचा होता. पण निर्बंध लागताच शाखांसमोर रांगा लागल्या त्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसांच्या. ठेवीवरील विम्याची मर्यादा ५ लाख रुपये आहे. आयुष्याची पुंजी त्याहून मोठी असणाऱ्यांनी काय करावे, याचे उत्तर त्या रांगेत कोणापाशी नव्हते.

आमच्या वाचकांपैकी कित्येक जण नागरी सहकारी बँकांचे सभासद आहेत, काही संचालकही आहेत. सप्टेंबरअखेरपर्यंत या बँकांच्या वार्षिक सभा होतात. तेथे लाभांशाच्या टक्क्यावर आणि भेटवस्तूवर जो वादविवाद रंगतो तो रंगो बापडा. मात्र एका तरी सभासदाने उठून विचारावे की, एकट्याच्या सहीने पैसे बाहेर पाठवू शकणारे आपल्या बँकेत किती जण आहेत, ते किती वर्षे त्या जागी आहेत आणि ही माहिती मंडळापुढे गेल्या वर्षात कितीदा आली. आणि अध्यक्षांचे उत्तर, ते ‘ठाऊक नाही’ असे असले तरी, इतिवृत्तात जसेच्या तसे लिहून घ्यावे.