हरवलेल्या इंटरप्टचा तपास

घरातील राउटर किंवा कारखान्यातील यंत्रनियंत्रक अशा उपकरणांच्या पोटात जो लहानसा संगणक बसविलेला असतो, त्याचा नेटवर्कशी चाललेला व्यवहार कधी कधी अकस्मात थांबतो. दिवा लुकलुकत असतो, केबल शाबूत असते, आणि तरीही एकही संदेश आत येत नाही. अशा वेळी उपकरण बंद करून पुन्हा चालू करण्याचा जो उपाय आपण सर्रास योजतो, त्याने काम सुरू होते खरे. परंतु बिघाडाचा सारा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो.

संदेश येताच नेटवर्कची चिप एका स्वतंत्र तारेवरून प्रोसेसरला वर्दी देते. हाच इंटरप्ट. वर्दी मिळताच प्रोसेसर हातातले काम बाजूला ठेवून त्या चिपचा कारभार पाहणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामला पाचारण करतो. लिनक्स प्रणालीत अशा प्रत्येक वर्दीची गणती ‘प्रॉक’ विभागातील ‘इंटरप्ट्स’ या फाईलमध्ये होत असते; ती थोड्या अंतराने दोनदा वाचून आकडे ताडून पाहिले, की तपासाची दिशा बहुधा निश्चित होते.

आकडा शून्यावरच असेल, तर वर्दी मुळी पोहोचतच नाही: तार चुकीच्या पिनला जोडलेली असते, किंवा बोर्डाची रचना लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, सांगणाऱ्या ‘डिव्हाइस ट्री’त भलताच क्रमांक नोंदलेला असतो. उलट आकडा बेफाम धावत असेल, तर वर्दीचे कारण कोणी निकालातच काढत नाही. अशा एक लाख वर्द्यांपैकी 99,900 हून अधिक बेवारस ठरल्या, की ‘नोबडी केअर्ड’ असा शेरा नोंदवून कर्नेल ती वाटच बंद करतो.

सर्वांत फसवा प्रकार तिसरा. आकडा काही काळ नीट वाढतो आणि मग एकाएकी गोठतो. रास्पबेरी पायसारख्या बोर्डांना जोडली जाणारी मायक्रोचिप कंपनीची ‘ईएनसी28जे60’ ही इथरनेट चिप याचे उत्तम उदाहरण आहे. तिचा इंटरप्टचा पिन एरवी 3.3 व्होल्टवर असतो आणि वर्दी देताना शून्यावर उतरतो. प्रोसेसर मात्र केवळ त्या उतरण्याच्या क्षणाकडे लक्ष ठेवून असतो. दारावरची थाप ऐकून उठणाऱ्या यजमानाला थाप हुकल्यावर दाराशी तिष्ठत उभा असलेला पाहुणा जसा कळू नये, तशीच त्याची स्थिती होते. पहिल्या संदेशाची व्यवस्था चालू असतानाच दुसरा आला, तर पिन वर न जाता खालीच राहतो, नवा उतार घडत नाही, आणि दोन्ही पक्ष एकमेकांची वाट पाहत बसतात. मल्टिमीटर लावून पाहावे: पिन शून्यावर खिळलेला आणि गणती निश्चल, हा या दोषाचा निर्णायक दाखला होय.

यावरचा तोडगा चिपच्या डेटाशीटमध्येच दिलेला आहे. काम हाती घेताच ड्रायव्हरने चिपची वर्दी देण्याची मुभा काढून घ्यावी, म्हणजे पिन वर जातो. काम संपताच ती परत द्यावी, म्हणजे काही शिल्लक असल्यास पिन पुन्हा खाली उतरतो आणि ताजी वर्दी मिळते. शिवाय ‘संदेश शिल्लक आहे’ असे सांगणारी या चिपमधील खूण विश्वासार्ह नाही, अशी कबुली निर्मात्यांनीच आपल्या दोषपत्रकात दिलेली असल्यामुळे, त्या खुणेऐवजी शिल्लक संदेशांची मोजणी ठेवणारे रजिस्टर वाचणे श्रेयस्कर.

गणती गोठण्याला चिप जबाबदार नव्हती, प्रोसेसरही नव्हता; दोष होता तो त्या दोहोंमधील करार अर्धवट पाळला गेल्याचा. म्हणून सुटे भाग बदलत बसण्यापूर्वी तो करार कोणता, हे कागदपत्रांतून समजून घेणे हे दुरुस्तीचे पहिले कर्तव्य आहे. आणि दुरुस्तीनंतर संदेशांचा मोठा भार रात्रभर चालू ठेवून गणती अखंड वाढते आहे याची रुजुवात केल्याखेरीज उपकरण कोणाच्याही हवाली करू नये.