कीबोर्डमधला ठेका कोणाचा?

एखादी गोष्ट जिथं तयार झाली तेच तिचं मूळ, असं आपण सहज धरून चालतो. हे गृहीतक आज एका संगीतावर तपासून बघू: जमैकातला डिजिटल रेगे.

आधी रेगेचा आवाज. यात गिटार जोराच्या मात्रेवर वाजत नाही, तिच्या मागच्या मोकळ्या जागेत वाजते. गाण्याचा भार असतो खर्जातल्या बेस गिटारवर. हे सगळं वर्षानुवर्षं मुख्यतः हाडामांसाचे वादक वाजवत.

१९८१ साली कॅसिओ कंपनीनं एमटी-४० नावाचा छोटा, घरगुती कीबोर्ड काढला. बटण दाबलं की तयार ठेका आणि बेस सुरू. त्यातला 'रॉक' नावाचा ठेका किंग्स्टनमध्ये नोएल डेव्ही आणि गायक वेन स्मिथ यांच्या हाती लागला. प्रिन्स जॅमी या निर्मात्यानं त्याची लय संथ केली, त्यावर पियानो आणि टाळ्या चढवल्या. १९८५ साली 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं आलं आणि जमैकाचं संगीत बदललं.

काय बदललं? बेसचा सूर तारेसारखा थरथरत विरत नाही. तो ठाशीव उठतो आणि तुटतो. लय घड्याळासारखी. मधे भरपूर जागा, तिथं गायक बोलल्यासारखा गातो. जमैकात या पायाभूत साथीला 'रिडिम' म्हणतात. जात्यावरच्या ओवीची चाल एकच आणि प्रत्येकीचे शब्द वेगळे, तसंच हे. या एका रिडिमवर शेकडो गाणी झाली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: स्टुडिओतल्या अनेक वादकांचं काम यामुळे कमी झालं.

आता सांगा, मूळ कुठलं? तो ठेका बसवला कॅसिओतल्या ओकुडा हिरोको यांनी. पण संगीत महाविद्यालयातला त्यांचा प्रबंध होता रेगेवरच! म्हणजे जमैकाचं संगीत तबकड्यांतून जपानला गेलं, तिथल्या एका तरुणीच्या कानात मुरलं आणि तिनं बसवलेला ठेका किंग्स्टनला पोचला. 'बटण दाबलं आणि झालं' एवढंच म्हणणाऱ्याला ही दोन्ही टोकांची कान देऊन ऐकणारी माणसं दिसत नाहीत.

आपल्याकडेही हे घडलंय. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्टीतला 'बेंजो' हा अमेरिकन बँजो नव्हे. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तंतुवाद्य जपानच्या ताइशोगोतोचं वंशज आहे. ते १९१२ साली नागोयात बनलं. आपल्या पोरांनी त्याला पिकअप जोडले, लाउडस्पीकर लावले आणि मिरवणुकीचा आवाज घडवला. वाद्य जपानी, पण त्यावरचं संगीत जपानी म्हणाल का? नाही ना? मग वाद्य बनणं आणि संगीत जन्मणं या दोन वेगळ्या घटना मानाव्या लागतात. दुसरी घटना वाद्य वापरणाऱ्यांच्या हातून घडते, आणि तिचं श्रेय त्यांना द्यायला आपण अनेकदा विसरतो.

इथं थांबतो. कोणाला शंका असेल तर जरूर विचारा.