निर्णयसागराची शेवटची ओळ

निर्णयसागर छापखान्यात छापलेली संस्कृत ग्रंथाची जुनी प्रत हाती आली की विद्वान मंडळींची नजर प्रथम पाठभेदांकडे वळते. माझी मात्र, विद्वत्तेचा भार मुळातच हलका असल्यामुळे, पहिल्या पानाच्या तळाशी असलेल्या प्रकाशकाच्या ओळीवर जाऊन स्थिरावते. तेथे प्रथम जावजी दादाजी, मग तुकाराम जावजी, त्यानंतर पांडुरंग जावजी अशी नावे येतात. आणि दिलीपापासून अग्निवर्णापर्यंतची राजमालिका ज्या ग्रंथात वर्णिली आहे, त्याच ग्रंथाच्या उंबरठ्यावर मुंबईच्या कोलभाट गल्लीतील एका कारागीर घराण्याची ही वंशावळ उभी पाहून मला मोठी गंमत वाटते.

या वंशावळीचे मूळ पुरुष जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म 1839 चा. ज्या वयात मुलांनी धुळाक्षरे संपवून पुस्तक हाती घ्यावे, त्या दहाव्या वर्षी घरच्या हलाखीपायी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामाला लागले. पुढे ‘टाइम्स’, ‘इंदुप्रकाश’ अशा छापखान्यांतून चाकरी करीत त्यांनी छपाईचे कसब पुरते आत्मसात केले.

देवनागरीचा खिळा घडविणे हे काम किती चिकाटीचे, हे छापील पान वाचणाऱ्याच्या सहसा ध्यानी येत नाही. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून मातृका सिद्ध करावयाची, आणि तीत शिसे, सुरमा व कथील यांचा तप्त रस ओतून एकेक खिळा काढावयाचा. बरे, एवढ्याने एक ‘क’ झाला, तरी काना, मात्रा, वेलांट्या आणि संस्कृतातील जोडाक्षरांचे सारे गोत मागे उभेच असते, त्यामुळे इंग्रजी जुळाऱ्याचे जेथे थोडक्या खणांत भागते तेथे आपल्याकडे शेकडो जिन्नस लागतात. अशा अक्षरांना जे वळण हवे ते राणूजी आरू या कुशल स्नेह्याच्या हाती होते. त्यांच्या साह्याने जावजींनी 1864 साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि निर्णयसागर छापखाना त्यानंतर, 1869 साली. या क्रमाला मी फार महत्त्व देतो. मालक होण्यापूर्वी हा गृहस्थ अक्षर घडविणारा होता. म्हणूनच निर्णयसागरी पानावर बारीक टीकासुद्धा मूळ श्लोकाइतकीच स्वच्छ उमटते, आणि अनुस्वार कोठे गळाला की काय अशी धास्ती वाचकाला पडत नाही.

जावजी शास्त्री-पंडित नव्हते. परंतु पंडितांना कामाला लावण्याची हुशारी त्यांच्यापाशी होती. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली 1886 पासून ‘काव्यमाला’ मासिकरूपाने निघू लागली, आणि बासनांत गुंडाळून पडलेली कित्येक काव्ये अल्प किमतीत सामान्य विद्यार्थ्याच्या हाती पोचली. विनायक कोंडदेव ओकांचे मुलांसाठीचे ‘बालबोध’ही येथेच छापले जाई. एकाच कारखान्यातील खिळे एकीकडे अलंकारशास्त्राच्या वादात आणि दुसरीकडे बालकांच्या गोष्टीत राबत, याचे नवल त्या काळी कुणाला वाटले नसावे.

1892 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास, जावजी निवर्तले. कर्त्या पुरुषामागे भल्याभल्या पेढ्यांची दप्तरे बंद पडतात. येथे तुकारामांनी कारभार उचलला, आणि मुलाच्या नावामागे बापाचे नाव लावण्याच्या आपल्या रिवाजामुळे ‘जावजी’ हा शब्द ग्रंथामागून ग्रंथावर छापला जात राहिला. स्वातंत्र्यानंतरच्या प्रतींवर ती ओळ पुन्हा बदललेली दिसते. तेथे सत्यभामाबाई पांडुरंग असे एका स्त्रीचे नाव आहे, आणि तिच्या खाली, पूर्वीसारखेच, निर्णयसागर छापखाना, मुंबई.