दहा तबले, एक सा

जुलैतली दुपार. संपादकांनी धाडलं होतं एका विद्यापीठाच्या संगीत विभागात, मुलांचा तालवाद्यवृंद ऐकायला. बाहेर झड लागलेली, आत दहा मुलं-मुली हातोडीने तबले ठोकत बसलेली. वादन कुठेच नाही.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पॉल प्राइस यांनी 1950 मध्ये तालवाद्यवृंदाला अभ्यासक्रमात बसवलं. आपल्याकडे तबल्याची पदवी मिळते, पण परीक्षेला विद्यार्थी एकटाच: समोर परीक्षक, शेजारी लेहरा. युवक महोत्सवातही शास्त्रीय तालवाद्याची स्पर्धा एकलवादनाचीच. एकत्र वाजवायची सवय लागणार कुठून?

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी सगळ्यांचे तबले लावत होती. काळी एक. तबल्याला सोळा घरं. एकेका घरावर चाटीचा ‘ना’ वाजवायचा, कान खाली न्यायचा, उतरलं असेल तिथे गजऱ्यावर वरून हलका ठोका. फारच उतरला तर वादीखालचा गट्टा खाली सरकवायचा. दमट हवेत पुडी सैल पडते. दहावा लावून होईतो पहिला उतरलेला. “काका, एकटीला थोडा उतरलेला चालतो,” ती म्हणाली, “इथे शेजारचा लगेच चुगली करतो.” चाळीस मिनिटं गेली. मला कंटाळा आला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

मग दिल्लीचा कायदा, तीनतालात. दुगुन झाली, तिहाई आली. नऊ जण समेवर, एक केसभर मागे. कापड फाटावं तसा आवाज झाला. पुन्हा. पुन्हा.

अडचणी विचारल्या आणि माझी वही भरली. तालमीच्याच वेळी गायनाचे वर्ग साथीला निम्मे तबलजी पळवतात. पुडी फाटली की खर्च ज्याचा त्याचा. गणपती जवळ आले की चौघं ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जातात, आणि त्यांना अडवणार कोण? शेकडोंसोबत वाजवायची संधी तिथेच मिळते. फक्त ताशाच्या काड्या धरून हात ताठतो, तबल्यावर बोटं पुन्हा सुटी व्हायला दिवस जातात.

वार्षिक कार्यक्रमालाही गेलो. सभागृह वातानुकूलित, हवा कोरडी, वर दिव्यांची धग. पडदा उघडण्याआधीच दहाही तबले चढले, तेही सारखे नाहीत. पेटीवाला काळी एक दाबून थांबला होता. पेटी काही चढवता येत नाही. मुलगी हातोडी घेऊन पहिल्या तबल्यापाशी बसली आणि या वेळी गजऱ्यावर खालून ठोकू लागली.