मोटारगाडीच्या मॉडेलचे नूतनीकरण

मोटारगाडीच्या मॉडेलचे नूतनीकरण म्हणजे विक्रीस असलेल्या मोटारगाडीच्या बाह्यरूपात, अंतर्भागात, यंत्रणेत किंवा मूळ सांगाड्यात उत्पादकाने काही काळाने केलेला बदल होय. बोलीत अशा प्रत्येक बदलाला सरसकट ‘नवीन मॉडेल आले’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यात निरनिराळ्या दर्जाचे बदल मोडतात आणि गाडीची किंमत, सुरक्षितता, सुटे भाग व पुनर्विक्रीमूल्य यांवर त्यांचा परिणामही निरनिराळा होतो. पुणे, चाकण, तळेगाव, रांजणगाव, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे मोटारगाड्यांचे कारखाने असल्यामुळे भारतातील या इतिहासाचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला आहे.

संज्ञा

सर्वांत लहान बदल हा रंग, सोयी किंवा उपप्रकार (व्हेरियंट) यांपुरता मर्यादित असतो. दुसरा म्हणजे मुखपालट, अर्थात फेसलिफ्ट. यात दिवे, ग्रिल, बंपर, चाके, डॅशबोर्ड हे भाग नवे येतात. सांगाडा, छत आणि बहुधा दरवाजे तेच राहतात. तिसरा बदल हा नव्या पिढीचा असतो. त्यात गाडीची रचना मुळापासून केली जाते आणि जुन्या गाडीचे केवळ नाव उरते. मॉडेल बाजारात आल्यावर साधारणपणे तीन-चार वर्षांनी मुखपालट आणि सहा ते आठ वर्षांनी नवी पिढी, असा जगभरचा प्रघात आहे. भारतात तो नेहमीच पाळला गेला असे मात्र नाही.

खानदेशासह ग्रामीण महाराष्ट्रातील जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘मॉडेल’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे उत्पादनाचे किंवा नोंदणीचे वर्ष. ‘गाडी कोणते मॉडेल आहे?’ या प्रश्नाला ‘सतराचे’ असे उत्तर मिळते. हा अर्थ इंग्रजीतील ‘मॉडेल इयर’ या प्रयोगाचा संक्षेप असावा. मात्र ‘सतराचे मॉडेल’ जुन्या रूपाचे की नव्या, हे त्यावरून कळत नाही. एकाच वर्षात दोन्ही रूपांच्या गाड्या विकल्या गेलेल्या असू शकतात.

बदलाची प्रक्रिया

मुखपालटात बंपर बदलतो पण दरवाजा बदलत नाही, यामागे खर्चाचे गणित आहे. दरवाजा, छत, बॉनेट हे पोलादी पत्र्याचे भाग प्रचंड दाबाच्या प्रेसखाली साच्यांत (डाय) घडविले जातात. हे साचे अतिशय महाग असतात आणि तयार व्हायला बराच काळ लागतो. बंपर, ग्रिल आणि दिव्यांची आवरणे प्लॅस्टिकची असल्याने त्यांचे साचे तुलनेने स्वस्त पडतात. शिवाय दरवाज्याचा आकार बदलल्यास काचेची चौकट, पाणी अडविणारे रबर आणि बाजूच्या धडकेपासूनचे संरक्षण यांचीही पुन्हा मांडणी करावी लागते. म्हणून एखाद्या गाडीच्या नव्या रूपाची छायाचित्रे पाहताना प्रथम दरवाज्यांकडे आणि खिडक्यांच्या रेषेकडे पाहावे. त्या तशाच असतील, तर तो बहुधा मुखपालट समजावा.

संकल्पचित्रांनंतर विशिष्ट मातीचा (क्ले) पूर्णाकार नमुना घडविला जातो. आता यातील बरेच काम संगणकावर होते. पुढे चाचणीच्या गाड्या रस्त्यावर येतात. स्पर्धकांना आकाराचा अंदाज येऊ नये म्हणून त्यांच्यावर काळ्या-पांढऱ्या नक्षीचे आवरण चिकटविलेले असते. मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे ‘नॅट्रॅक्स’ हे चाचणी केंद्र असून तेथील ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगाची धावपट्टी २०२१ साली खुली झाली. चाकण-नाशिककडून पिथमपूरला जाण्याचा सरळ मार्ग म्हणजे धुळ्यावरून जाणारा मुंबई–आग्रा महामार्ग होय.

विक्रीपूर्वी प्रत्येक मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार प्रकारमान्यता घ्यावी लागते. हे काम करणाऱ्या संस्थांपैकी १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. अहिल्यानगर येथील व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्थाही हे काम करते.

महाराष्ट्रातील उदाहरणे

नूतनीकरण न झाल्यास काय होते, याचे ठळक उदाहरण प्रीमियर पद्मिनी हे आहे. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होई. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने आलेल्या गाडीला पुढे १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि नाममात्र बदलांसह तिचे उत्पादन २००० च्या सुमारापर्यंत चालले. परवाना पद्धतीमुळे स्पर्धा जवळजवळ नव्हती आणि ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत असे. त्यामुळे बदलाची निकड कोणालाच भासली नाही. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि हे चित्र पालटले. मुंबईत टॅक्सी म्हणून मात्र पद्मिनी पुढेही टिकली. टॅक्सीसाठीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे तिथली नोंदणीकृत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

अडचणीतून झालेल्या नूतनीकरणाचे उदाहरण म्हणजे टाटा इंडिका. पुण्यात विकसित झालेली आणि इटलीतील ‘आयडिया’ या संस्थेच्या साहाय्याने रेखाटलेली ही गाडी डिसेंबर १९९८ मध्ये विक्रीस आली. आरंभी लाखाहून अधिक नोंदण्या झाल्या, पण लवकरच तक्रारींचा ओघ सुरू झाला. २०००-०१ या आर्थिक वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. २००१ साली सुधारित ‘इंडिका व्ही-टू’ आली. तिचे बाह्यरूप जवळपास पहिल्यासारखेच होते. बदल होते ते दिसण्यात न येणाऱ्या जागी. या गाडीने इंडिकाचे नाव सावरले आणि खासगी प्रवासी वाहतुकीत ती घरोघरची झाली. मुखपालट म्हणजे मुख्यत्वे चेहरा, या समजुतीला हा सणसणीत अपवाद म्हणता येईल.

महिंद्र आणि महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपच्या वंशावळीतील वाहने खानदेशात दीर्घकाळ प्रवासी वाहतूक करीत राहिली. येथे ‘काळी-पिवळी’ म्हटल्यावर मुंबईची टॅक्सी नव्हे, तर तालुक्याहून खेड्यापाड्यांत जाणारी भरलेली जीप डोळ्यांसमोर येते. २००० साली आलेली बोलेरो याच कुळातील आहे. तिचा चौकोनी आकार पाव शतकानंतरही ओळखू येतो. चेसिसवर बसविलेला सांगाडा, गावातल्या गॅरेजमध्ये होणारी दुरुस्ती आणि सहज मिळणारे भाग या कारणांनी ग्राहकाने तिला बदलू दिले नाही, असे म्हटले तरी चालेल. ऑक्टोबर २०२५ मध्येही तिचा मुखपालटच करण्यात आला.

स्कॉर्पिओचा मार्ग वेगळा आहे. जून २००२ मध्ये आलेली आणि नाशिक येथे तयार होणारी ही गाडी कंपनीने मुळापासून स्वतः विकसित केली होती. २०१४ साली तिला नवी चौकट मिळाली. २०२२ च्या जूनमध्ये चाकण येथे तयार होणारी ‘स्कॉर्पिओ-एन’ ही नवी पिढी आली, परंतु जुनी गाडी बंद झाली नाही. ऑगस्टमध्ये ती ‘स्कॉर्पिओ क्लासिक’ या नावाने किरकोळ बदलांसह पुन्हा सादर झाली. जुने आणि नवे रूप एकाच वेळी विक्रीस ठेवण्याची ही युक्ती ग्रामीण मागणी गमावू नये म्हणून योजलेली दिसते.

जुन्या नावाचा पुनर्वापर हा आणखी एक प्रकार. टाटा सिएरा ही तीन दरवाज्यांची गाडी १९९१ साली आली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद झाली. ते नाव घेतलेली संपूर्ण नवी पाच दरवाज्यांची गाडी २५ नोव्हेंबर २०२५ रोजी विक्रीस आली. मूळ गाडीच्या मागील भागातील छताकडे वळलेली काच नव्या गाडीत हुबेहूब नाही, काळ्या रंगाच्या मांडणीने तिचा आभास निर्माण केला आहे. सफारीचेही असेच झाले. २०२१ साली या नावाने आलेल्या गाडीचा १९९८ च्या सफारीशी यांत्रिक संबंध नाही.

मॉडेल बदलाशी कारखान्याचे भवितव्यही बांधलेले असते. जनरल मोटर्सने तळेगाव येथे २००८ साली कारखाना सुरू केला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील शेव्हरोले गाड्यांची विक्री थांबविली. निर्यातीसाठीचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि कामगारांचा वाद न्यायालयात गेला. २०२३ साली ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सादर झालेली ह्युंदाई व्हेन्यूची दुसरी पिढी याच कारखान्यात तयार होते.

कर आणि नियम यांचा प्रभाव

गाडीचा आकार केवळ रेखाटनकार ठरवीत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या (पेट्रोल १२०० घन सें.मी., डिझेल १५०० घन सें.मी. पर्यंत) गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. परिणामी २००८ साली टाटाने इंडिगोची डिकी आखूड करून ‘इंडिगो सीएस’ आणली. तिच्यानंतर चार मीटरच्या आत बसविलेल्या डिकीच्या गाड्यांची रांगच लागली. बोलेरोचीही २०१६ मध्ये लांबी कमी करून तिला दीड लिटरचे इंजिन देण्यात आले. वस्तू व सेवा करातही ही रेषा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतील गाड्यांवर १८ टक्के, तर मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर आहे; विद्युत गाड्यांवर ५ टक्के.

प्रदूषण नियमांची तारीख चुकली की किती गोंधळ होतो, हे २०१७ मध्ये दिसले. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च रोजी दिलेल्या आदेशानुसार १ एप्रिलपासून भारत स्टेज-३ वाहनांच्या विक्रीस व नोंदणीस बंदी झाली. त्या वेळी उत्पादक आणि विक्रेत्यांकडे सर्व प्रकारची मिळून आठ लाखांहून अधिक वाहने शिल्लक होती. त्यांत दुचाकींची संख्या सर्वाधिक होती. शेवटच्या दोन दिवसांत मोठ्या सवलतींमुळे दालनांपुढे गर्दी उसळली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले.

धडक चाचणीचे नियम नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विक्रीस असलेल्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. चालकासाठीची हवेची पिशवी (एअरबॅग) जुलै २०१९ पासून सर्व मोटारगाड्यांत आवश्यक ठरली. त्यामुळे एकाच नावाच्या, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या २०१८ आणि २०२० च्या दोन गाड्यांत अपघाताच्या क्षणी जीव वाचविण्याइतका फरक असू शकतो. जुनी गाडी घेणाऱ्याने रंगकामापेक्षा ही वर्षे आधी पाहिली पाहिजेत. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही ऐच्छिक तारांकन योजना सुरू झाली. तीत प्रथम तारांकन मिळालेल्या गाड्यांमध्ये मुखपालट झालेल्या हॅरियर आणि सफारी या होत्या.

खरेदीदारावरील परिणाम

जामनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी मोटारगाडी ही बहुतेक कुटुंबांसाठी दहा-पंधरा वर्षांतून एकदा होणारी खरेदी असते. ती दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर किंवा कापूस विकला गेल्यावर होते. पाचोरा–जामनेर ही अरुंदमापी रेल्वे २०२० पासून बंद असल्याने खासगी वाहनावरील भिस्त येथे अधिकच आहे. नवे रूप येण्याच्या सुमारास जुन्या रूपाच्या शिल्लक गाड्यांवर सवलत मिळते, तर गाडी घेतल्यावर महिन्याभरात नवे रूप आल्यास जुन्याची पुनर्विक्री किंमत घसरते. कर्जाचे हप्ते मात्र तेवढेच राहतात.

शिल्लक गाडी किती जुनी आहे हे कागदपत्रांवरून कळू शकते. नियम १२२ नुसार चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि उत्पादनाचा महिना गाडीवर कोरलेला असणे आवश्यक आहे. विक्री प्रमाणपत्रातही (नमुना २१) उत्पादनाचा महिना व वर्ष नोंदलेले असते. डिसेंबरमधील सवलतीत घेतलेली आणि जानेवारीत नोंदविलेली गाडी पुनर्विक्रीच्या वेळी आदल्या वर्षाचीच धरली जाते.

विम्याचा प्रश्न याहून कमी माहीत आहे. गाडीचे विमामूल्य हे उत्पादकाच्या चालू किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ठरते. हा घसारा सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० टक्के इतका असतो. पाच वर्षांहून जुन्या, तसेच उत्पादन बंद झालेल्या मॉडेलचे मूल्य मात्र विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणून मॉडेल बंद झाल्यावर नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने लिहिलेला आकडा न वाचता सही करू नये.

आगामी मॉडेलांच्या बातम्या

येऊ घातलेल्या गाड्यांविषयीच्या मजकुराचे वजन एकसारखे नसते. प्रकारमान्यतेची नोंद किंवा कंपनीचे अधिकृत निवेदन हे सर्वांत भक्कम समजले जाते. त्याखालोखाल डिझाइन अधिनियम, २००० नुसार झालेली आकाराची नोंदणी येते. तिचे संरक्षण दहा वर्षे असून पुढे पाच वर्षे वाढविता येते. नोंदणी झालेला प्रत्येक आकार उत्पादनात येतोच असे नाही. आवरण घातलेल्या चाचणी गाडीची छायाचित्रे गाडी अस्तित्वात असल्याचे सांगतात, तिची किंमत किंवा दिनांक सांगत नाहीत. संगणकावर रंगविलेली काल्पनिक चित्रे तर केवळ चित्रे होत, पण तीच सर्वाधिक पसरतात.

प्रदर्शनातील संकल्पना-गाडी आणि विक्रीची गाडी यांत किती अंतर पडते हे सिएराच्या उदाहरणावरून दिसते. तिची पहिली संकल्पना फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीजवळील ऑटो एक्स्पोत मांडली गेली, २०२३ मध्ये दुसरी आली आणि विक्री आणखी जवळपास तीन वर्षांनी सुरू झाली. त्याच २०२० च्या प्रदर्शनात ‘ग्रॅव्हिटास’ नावाने दाखविलेली गाडी पुढे ‘सफारी’ या नावाने बाजारात आली. १५ ऑगस्ट २०२५ रोजी महिंद्राने मुंबईत ‘व्हिजन टी’, ‘व्हिजन एस’, ‘व्हिजन एक्स’ आणि ‘व्हिजन एसएक्सटी’ या चार संकल्पना मांडल्या. त्यांच्यावर आधारित गाड्या २०२७ पासून आणण्याचे कंपनीने जाहीर केले आहे.